गाढव, हत्ती आणि ई-चलान : इटियाडोहच्या वाटेवरचे भन्नाट कायदे

गाढवी नावाची नदी आहे, माहीत आहे का? आहे! तिच्यावरच इटियाडोह धरण आहे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोंदिया जिल्ह्यात. आता पुढचा प्रश्न. देशाच्या मोटार वाहन कायद्यात गाढवाला मान आहे, हे माहीत आहे का? तोही आहे! १९८८चा कायदा, कलम १३२. काय मान आहे, ते शेवटी सांगतो. आधी हेल्मेट चढवा, मोबाइल डिकीत टाका आणि बसा मागे. थांबा, मागच्यालाही हेल्मेट लागतं. दुसरं घेऊन या.

निघालो? छान. दोन्ही बाजूंना धानाची बांधी, मधून डांबराची पट्टी, समोर शेळ्या. गोठणगावकडे वळलो की तिबेटी वसाहतीच्या रंगीत पताका. सिग्नल? शोधा, सापडला तर चहा माझा. अशा रस्त्यावर प्रत्येकाच्या मनात एकच गोड विचार असतो : इथं कोण पकडतंय राव!

गंमत वेगळीच आहे. चलान, कॅमेरा, दंड म्हटलं की आपल्याला मुंबई-पुणं आठवतं. पण मोटार वाहन कायदा उघडून बसा. बैल, शेळ्या, रेल्वेचं फाटक, टपावर बसलेली मंडळी, सगळी वरात त्यात हजर! लिहिणाऱ्यानं मरीन ड्राइव्हवर नव्हे, आपल्याच टपरीवर बसून लिहिलाय की काय, असं वाटतं.

हेल्मेटमध्ये वांगी

अर्जुनीच्या बाजाराच्या दिवशी पाहिलेला सीन. मोटारसायकल, मागे तांदळाचं पोतं, हँडलला लटकलेलं हेल्मेट. हवालदारानं हात केला.

‘हेल्मेट कुठं आहे?’

‘हे काय, हाये ना जी!’

‘डोक्यात काऊन नाही?’

गडी गप्प. हवालदारानं वाकून पाहिलं. हेल्मेटमध्ये दीड किलो वांगी आणि वर कोथिंबिरीची जुडी!

हसू नका. हेल्मेट ‘जवळ असणं’ कायद्याला चालत नाही, हे माहीत आहे का? कलम १२९ स्पष्ट आहे : ते डोक्याला पट्ट्यानं घट्ट बांधलेलं हवं. म्हणजे डोक्यात आहे पण पट्टा मोकळा, तरी काम फत्ते नाही. वर आयएसआय मार्क हवा. रस्त्याकडेला टांगलेली ती चकचकीत टोपी बांधकामावर चालेल, बाइकवर नाही.

दंड किती? केंद्राच्या कायद्यात हजार रुपये. महाराष्ट्रात? पाचशे! खूश झालात? थांबा, लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं, ती टांगती तलवार दोन्हीकडे आहेच. वांगी पिशवीत ठेवा.

पाचशे का, हजार का नाही?

कारण या भानगडीत महाराष्ट्रानं पार वळसा घेतला. केंद्रानं कायदा बदलला तो २०१९ साली. १ सप्टेंबर २०१९पासून देशभर दंड कडाडले. आपल्याकडे तेव्हा निवडणुका तोंडावर. परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी दिल्लीला पत्र लिहिलं : दंड जास्त आहेत, फेरविचार करा. पत्र कुणाला? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री, नागपूरच्याच नितीन गडकरींना! विदर्भातला कायदा मुंबईत अडकला म्हणा ना. शेवटी नवे दर महाराष्ट्रात आले डिसेंबर २०२१मध्ये. दोन वर्षं, तीन महिने. एसटीसुद्धा एवढी लेट होत नाही.

आणि हो, राज्यं दर ठरवू शकतात ते कलम २०० मुळे. या कलमाला सरकारी मराठीत गोड नाव आहे : तडजोड. कोर्टात न जाता जागेवर भरायची रक्कम म्हणजे तडजोड शुल्क. लग्नातही हेच चालतं, पावती तेवढी मिळत नाही.

तडजोड ही सक्ती नाही, हे माहीत आहे का? चूक मान्य नसेल तर ‘मला कोर्टात सांगायचं आहे’ असं तुम्ही म्हणू शकता. तो तुमचा हक्क. फक्त मग तारीख आली की जायचं. रोवणीच्या दिवसांत तारीख पडली तर कायद्याला दोष देऊ नका.

पहिली पावती कुणाच्या नावावर फाटली?

टाइम मशीन सुरू! २८ जानेवारी १८९६. इंग्लंडमधला केंट परगणा. वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ मोटार घेऊन सुसाट निघाले. वेग? ताशी आठ मैल. म्हणजे तेरा किलोमीटर! मर्यादा होती ताशी दोन मैल. पोलिसानं पाठलाग केला, तोही सायकलवर, आणि गाठलंही. वेगासाठी दंड : एक शिलिंग. मोटारीला वेगासाठी झालेला जगातला पहिला दंड म्हणून तो सांगितला जातो.

आपल्या शंकरपटातली, म्हणजे शर्यतीतली, बैलजोडी अर्नोल्डरावांना सहज मागं टाकेल. बैलांना चलान नाही!

खरंच नाही? नाही! मोटार वाहन म्हणजे यंत्रशक्तीनं चालणारं वाहन, ही कायद्याची व्याख्या. बैलगाडीला इंजिन नाही, म्हणून आरटीओ नाही, पीयूसी नाही. (पीयूसी मागितली असती तर बैलानं लगेच दिली असती.) रस्त्यावर दोन बाइकस्वारांनी शर्यत लावली तर कलम १८९, दंड पाच हजारांपर्यंत, शिवाय तुरुंगाचीही सोय. पण बैलांची शर्यत? २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली, मे २०२३मध्ये घटनापीठानंही महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. पट रंगला, बाइक हरली.

विनाइंजिन क्लबमध्ये आणखी एक मेंबर आहे. २५०वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग, अशी बॅटरीवरची छोटी सायकल-स्कूटर मोटार वाहनात मोडत नाही. पण दुकानदारानं ‘सर, थोडी सेटिंग करून देतो, पन्नासनं पळेल’ म्हटलं की गाडी क्लबबाहेर आणि तुम्ही कायद्याच्या आत.

टपरी-युनिव्हर्सिटीतले पाच विषय, पाचही नापास

चप्पल घालून गाडी चालवली तर दंड. लुंगी घातली तर दंड. हाफ शर्टला दंड. काच मळकी असेल तर दंड. गाडीत जादा बल्ब नसेल तर दंड. २०१९च्या सप्टेंबरात हे सगळं व्हॉट्सअॅपवर इतकं फिरलं, की गडकरींच्या कार्यालयाला ट्वीट करून सांगावं लागलं : असं काही कायद्यात नाही, अफवांपासून सावध राहा. विदर्भातल्या मे महिन्यात लुंगीला दंड! अहो, अर्धा जिल्हा आत गेला असता.

स्वतः गडकरींना मात्र दंड झालेला, माहीत आहे का? वांद्रे-वरळी सी लिंकवर त्यांच्या नावावरची गाडी वेगात सापडली आणि आपण तो दंड भरला, असं त्यांनीच तेव्हा सांगितलं. कायदा आणणाऱ्याच्या नावावर पावती! याला म्हणतात घरचा आहेर.

आणि पोलिसानंच नियम मोडला तर? दुप्पट! कलम २१०ब. कायदा राबवण्याचा अधिकार ज्याला आहे, त्यानंच तो मोडला तर दंड डबल. हे कलम पाठ करून ठेवा. चौकात मात्र म्हणून दाखवू नका, आधी स्वतःची पीयूसी तपासा.

चावी कुणाची?

हवालदार येतो, हात घालतो, गाडीची चावी काढतो. हे बरोबर का? हा टपरीवरचा सर्वांत गरम प्रश्न. उत्तर असं : गणवेशातल्या पोलिसानं थांबवलं तर थांबायचं, कागद मागितले तर दाखवायचे, हे बंधन आहे. लायसन्स, नोंदणी किंवा परमिट नसेल तर कलम २०७ खाली अख्खी गाडीच अटकवून ठेवता येते. लायसन्स जप्त केलं तर त्याची पोच द्यावी लागते, आणि त्या पोचपावतीवर ठरलेल्या मुदतीपर्यंत गाडी चालवताही येते, हे माहीत आहे का? कलम २०६. पण ‘चावी काढून खिशात घालावी’ असं कलम अख्ख्या कायद्यात सापडत नाही. हात हँडलवर ठेवा, आवाज खाली ठेवा, इंजिन स्वतःच बंद करा. निम्मे तंटे तिथंच मिटतात. उरलेले निम्मे ‘तू मला ओळखत नाहीस’ या वाक्यानं वाढतात.

कागद मोबाइलवर चालतात. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली लायसन्स-आरसी मूळ कागदाइतकीच खरी. पण गॅलरीत ठेवलेला फोटो? तो फोटोच. मावसभावाच्या लग्नातल्या फोटोच्या शेजारी ठेवला म्हणून त्याला कायदेशीर वजन येत नाही. धरणाकडे निघताना टिप : अर्जुनीत रेंज आहे तोवर अॅप उघडून ठेवा. पुढे जंगल सुरू झालं की लायसन्स तुमचं असतं, नेटवर्क कुणाचंच नसतं.

टिंग! चलान आलं

ई-चलान मुंबईत सुरू झालं ऑक्टोबर २०१६मध्ये, मग राज्यभर पसरलं. आता हवालदार मशिनवर टिचकी मारतो आणि तुमच्या खिशात टिंग! पूर्वी पावती फाटायची, आता मेसेज फुटतो. चलानचा अर्थ ‘चला न’ असा घेऊन निघून जाणारेही आहेत. मशिन त्यांना विसरत नाही.

आता कामाची गोष्ट, इथं जरा थांबू. कॅमेऱ्यानं टिपलेल्या गुन्ह्याला पंधरा दिवसांचं घड्याळ असतं, माहीत आहे का? केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१च्या ऑगस्टमध्ये १६७अ हा नियम आला. तो सांगतो : कॅमेऱ्याचा पुरावा असेल तर नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवायची. पुरावा चलानचा निकाल लागेपर्यंत जपायचा. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, आणि ते दरवर्षी नवं करायचं. कॅमेऱ्याची नजर असलेल्या पट्ट्याआधी ‘इथं नजर आहे’ अशी पाटी हवी. म्हणजे कॅमेऱ्याचीही पीयूसी असते!

चलान चुकीचं वाटलं तर? महाट्रॅफिक अॅपवर तक्रार करता येते. फोटो उघडून नीट बघा. गाडी तुमचीच आहे का? नंबर तोच आहे का? गोंदियाची बाइक दादरच्या सिग्नलवर उभी दिसली तर एक तर तुमचा मुलगा खोटं बोलतोय, नाही तर कुणी तुमच्या नंबरची पाटी लावून फिरतंय. पहिली शक्यता घरी तपासा, दुसरीची तक्रार पोलिसांत द्या.

लोकअदालत हा तिसरा रस्ता. थकलेल्या चलानांची नोटीस येते, ठरलेल्या दिवशी जायचं, मिटवायचं. तिथला निवाडा शेवटचा, त्यावर अपील नाही. तडजोडीची मंडईच म्हणा.

आणि एक टिंग असं, जे मुळीच उघडायचं नाही. व्हॉट्सअॅपवर अनोळखी नंबर, आरटीओचा लोगो आणि सोबत ‘चलान’ नावाची एपीके फाइल. त्यावर बोट टेकवलं की दंड पाचशेचा नाही, खातंच साफ! सरकार चलान म्हणून कधी अॅपची फाइल पाठवत नाही. शंका आली तर सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका. थकबाकी असेल तर तिथं दिसेलच.

गाडी विकली, पीडा राहिली

दिवाळीत जुनी बाइक विकली. पैसे हातात, पेढे तोंडात. होळीला मेसेज : ट्रिपल सीट, हजार रुपये. कुणाला? तुम्हाला! कारण आरसीवर नाव तुमचंच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगून टाकलं : नोंदणीवर ज्याचं नाव, तो मालक. गाडी चार हातांतून फिरली तरी अपघाताची भरपाई पहिल्याच्या गळ्यात पडू शकते. एकाच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दुसऱ्या राज्यात गेली तर पंचेचाळीस दिवस. आमगावहून बालाघाट नि देवरीहून राजनांदगाव हाकेच्या अंतरावर, पण कागदाच्या हिशेबात परराज्य! ‘आपल्याच माणसाला दिली’ हे कारण आरटीओच्या खिडकीत चालत नाही.

लहान मुलं, मोठे दंड

चार वर्षांखालचं बाळ बाइकवर? फेब्रुवारी २०२३पासून नियम : चालवणाऱ्याला बांधलेला सुरक्षा पट्टा, बाळाला हेल्मेट आणि गाडी ताशी चाळीसच्या आत. पुढं टाकीवर बसवून हँडल धरायला देणारे बाबा, तुम्ही दिसताय.

ट्रिपल सीट? कलम १२८ : चालवणाऱ्यामागे एकच माणूस. कायद्याला ‘बारका आहे, मधे बसेल’ हा प्रकार कळत नाही. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला एका बाइकवर निघालेलं अख्खं कुटुंब पाहून मलाही कधी कधी मोजायचा मोह होतो. पाचव्यावर मी थांबतो, पुढं पोतं की आजी ते कळत नाही.

आणि हे वाचा, जरा सावकाश. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ. पालक किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा अल्पवयीन होता. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला आणि महाराष्ट्र पेटला. कलम १९९अ हे नाव घराघरांत पोचलं ते त्या दिवसांत. यावर विनोद करावासा वाटत नाही.

चला, लुनावर बसू. सोळाव्या वर्षी गाडी कायदेशीर चालवता येते, माहीत आहे का? येते, फक्त इंजिन ५० सीसीपर्यंतचं हवं आणि लायसन्सही हवं. कलम ४. आता ५० सीसीची गाडी शोरूममध्ये मागून बघा, सेल्समन तुमच्याकडे आजोबांच्या मित्राकडे बघावं तसा बघेल. फिरोदियांची लुना १९७२ साली बाजारात आली तेव्हाच्या पोरांची चंगळ होती. कायदा लुनाची वाट बघत अजून उभा आहे.

दादा, राम आणि बॉस

नंबरप्लेटवरचा ४१४१ म्हणजे दादा. २१४ म्हणजे राम. ८०५५ म्हणजे इंग्रजीत बॉस. महाराष्ट्राची ही खरी चित्रकला! आकडे वाकवायचे, शेपट्या लावायच्या, अक्षरं करायची. नियम म्हणतो, अक्षरं-आकडे ठरलेल्या मापाचे, सरळ, स्पष्ट. दादा असो वा राम, कलाकुसरीला दंड आहे. आता तर १ एप्रिल २०१९पूर्वीच्या जुन्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची. ती बसवायची मुदत इतक्यांदा वाढली, की मुदतीलाच आता मुदतवाढ द्यावी. पण प्लेट बसली की एमएच-३५ हे एमएच-३५च दिसतं. दादा संपला.

रेकॉर्ड ब्रेक!

देशातलं महागडं चलान कुठलं? २०१९च्या त्या गाजलेल्या हंगामात ओडिशात संबलपूरला नागालँडची नोंदणी असलेल्या एका ट्रकला लागले ६ लाख ५३ हजार १०० रुपये! गुरुग्राममध्ये एका स्कूटीला २३ हजार. मालक म्हणाला, स्कूटीची किंमतच पंधरा हजार आहे. फिनलंडमध्ये तर दंड पगाराकडे बघून लागतो. नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्यानं मोटारसायकल जोरात हाणली आणि २००२ साली दंड लागला १ लाख १६ हजार युरो! आपल्याकडे हे सुरू झालं तर? धान विकायच्या आधी वेगात जा, नंतर नको.

मुंबई पोलिसांनी २०१९च्या शेवटी काही सिग्नलांना आवाज मोजायची यंत्रं बांधली. हॉर्नचा कलकलाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून! वाजवा अजून, थांबा अजून. दंड नाही, पावती नाही, नुसती जिरवाजिरवी. माझ्या मते आजवरची सर्वांत हुशार शिक्षा हीच. गरज नसताना हॉर्न वाजवायला कायद्यात हजार रुपये आहेतच, कलम १९४फ. अर्जुनीच्या वाटेवर हॉर्नचा उपयोग तसाही नाही. म्हैस बाजूला होते ती तिच्या मनात आल्यावर.

मंडई, मोह आणि तीस मिलिग्रॅम

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस. रात्रभर नाटक, वडशाच्या कंपन्या, तंबू खच्चून भरलेला, पहाटे चारला बाइका परत. धुकं, झोप आणि काहींच्या अंगात मोहाचं पाणी. इथं तडजोडीचा मार्ग बंद, माहीत आहे का? कलम १८५. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये अल्कोहोल तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की थेट कोर्ट. पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही. ‘मोह आवरला नाही’ ही कोटी न्यायाधीशांनी ऐकलेली असते.

त्याच पहाटे वाटेत कुणी पडलेला दिसला तर? घाबरून पुढं जाऊ नका. कलम १३४अ तुमच्या बाजूनं उभं आहे : चांगुलपणानं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही. गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या योजनेत बक्षीसही आहे, आधी पाच हजार होतं, आता पंचवीस. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तरी मृताच्या घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळू शकतात, एप्रिल २०२२पासूनची ही योजना. मागणारेच कमी, कारण माहीतच नसतं.

वरात ट्रॉलीत, नवरा अडचणीत

शेतीचा ट्रॅक्टर नियमांच्या व्याख्येत ‘नॉन-ट्रान्स्पोर्ट’ असतो. औतं ओढायची, शेतमाल न्यायचा. त्याच्या ट्रॉलीत चाळीस वऱ्हाडी? बेकायदा. वर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. टपावर, बॉनेटवर, पायरीवर लटकणाऱ्यांसाठीही स्वतंत्र कलम आहे, १२३. बॉनेटवर तलवार घेऊन बसणाऱ्या नवरदेवांनी विशेष नोंद घ्यावी.

क्लीनर, उतर खाली!

आता माझं लाडकं कलम, १३१. पहारेकरी नसलेलं रेल्वे फाटक आलं की चालकानं गाडी थांबवायची. मग कंडक्टर किंवा क्लीनरनं खाली उतरायचं, रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे बघायचं, गाडी किंवा ट्रॉली येत नाही ना याची खात्री करायची आणि मग पुढं चालत गाडीला रूळ पार करून न्यायचं! क्लीनर नसेल तर? चालकानंच उतरून बघून यायचं.

डोळ्यांपुढे आणा. गोंदिया-बल्लारशाह लाइन, उन्हाची काहिली, गमछा डोक्याला गुंडाळलेला क्लीनर रुळांच्या मधोमध उभा, हात हलवतोय आणि त्याच्यामागून धानाचा ट्रक नवरीसारखा हळूहळू येतोय. ते वॉल्टर अर्नोल्ड आठवतात ना? त्यांच्या काळी इंग्लंडात मोटारीपुढे माणूस चालत असावा असा नियमच होता. तो आपल्या कायद्यात रुळांपाशी जिवंत राहिला. ब्रॉडगेजवरची पहारेकरी नसलेली फाटकं रेल्वेनं २०१९च्या जानेवारीपर्यंत संपवली. फाटकं गेली, कलम राहिलं, क्लीनर अजून कागदावर चालतोच आहे.

आणि आता, ज्यासाठी थांबलात ते

संध्याकाळ. धरणाची भिंत मागं राहिली. गाढवीच्या पुलाअलीकडे गुरं घरी निघालीत, मागं काठी खांद्यावर टाकलेला गुराखी. तुमची बाइक बघून एक गोऱ्हा बिथरतो. गुराखी हात वर करतो.

थांबायचं का? थांबायचंच! कलम १३२. जनावर बिथरलंय किंवा तुमच्या गाडीनं बिथरेल असं जनावराच्या राखणदाराला वाटलं आणि त्यानं थांबायला सांगितलं, तर गाडी थांबवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. ना वर्दी, ना शिट्टी, ना मशिन. त्याचा हात पुरे!

कुठली जनावरं? यादी कायद्यानंच दिलीय : घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. बघा, गाढव! कुत्रा नाही, मांजर नाही, गाढव आहे. हत्तीसुद्धा आहे, आणि तो इथं नुसता कागदावरचा नाही. गेल्या काही वर्षांत छत्तीसगडकडून आलेला रानहत्तींचा कळप गडचिरोलीतून अर्जुनी मोरगावच्या जंगलापर्यंत फिरून गेला. रानहत्तीला राखणदार नसतो, म्हणून कलम तिथं लागू होत नाही. थांबायचा निर्णय तुम्ही आपोआपच घ्याल.

आणि थांबायचं किती वेळ? तेही लिहिलंय. गरज असेल तेवढा वेळ, पण जास्तीत जास्त चोवीस तास.

गोऱ्हा अजून रस्त्यातच उभा आहे. इंजिन बंद करा, गुराख्याला तंबाखू विचारा. तेवीस तास पन्नास मिनिटं आहेत अजून.